वाहनतळाचा परवाना : शुल्क की कर?

शहरे वाढतात, वाहने वाढतात; रस्ते मात्र तेवढेच राहतात. त्यामुळे रस्त्याच्या कडेला वाहन उभे करण्यासाठी पैसे आकारण्याची वेळ अनेक स्थानिक स्वराज्य संस्थांवर आली आहे. पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरणास मंजुरी दिली, तेव्हा त्यास मोठा विरोध झाला. अशा प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला जातो : वाहन कर भरल्यानंतर पुन्हा हे शुल्क कशासाठी?

जागेचा हिशेब

मोटार वाहन कर राज्य शासन १९५८ च्या अधिनियमान्वये वसूल करते. तो वाहन वापरण्यावरील कर आहे. त्यातून सार्वजनिक जागा अडवून ठेवण्याचा हक्क प्राप्त होत नाही. एक मोटार उभी करण्यास साधारणपणे अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते. हे क्षेत्र सुमारे १३४ चौरस फूट भरते. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती आणि तीत संपूर्ण कुटुंब राहत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या जागेचे मोल ध्यानात येईल. ही जागा विनामूल्य दिली, तर तिचा भार ज्याच्याकडे वाहनच नाही अशा पादचाऱ्यावर व बसच्या प्रवाशावरही पडतो. म्हणूनच २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात वाहनतळाचे शुल्क व्यापलेल्या जमिनीच्या मूल्याशी सुसंगत असावे, असे सांगितले आहे.

बार्नेटचा धडा

मात्र शुल्क घेणे योग्य ठरले, तरी कोणतीही रक्कम योग्य ठरत नाही. या दृष्टीने लंडनमधील बार्नेट येथील प्रकरण उद्बोधक आहे. तेथील परिषदेने २०११ मध्ये रहिवाशाच्या पहिल्या वाहनाच्या परवान्याचे वार्षिक शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंड केले. पाहुण्यांच्या वाहनासाठी लागणारे कुपन एका पौंडाचे होते, ते चार पौंडांचे झाले. रस्तेदुरुस्ती, प्रवासभाड्यातील सवलती अशा अन्य खर्चांसाठी जादा उत्पन्न मिळविणे हा या वाढीचा हेतू होता. एका रहिवाशाने न्यायालयात दाद मागितली. जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदेशीर ठरविली.

या निर्णयाचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटनचा १९८४ चा रस्ते वाहतूक नियमन कायदा वाहतुकीच्या नियमनासाठी आहे, महसूल उभारण्यासाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले. नियमन करताना ओघाने काही शिल्लक उरली, तर ती रस्ते वा सार्वजनिक वाहतूक यांवर खर्च करण्यास तोच कायदा मुभा देतो. परंतु शिल्लक उरावी याच हेतूने दर ठरविणे त्यास मान्य नाही. म्हणजे प्रश्न केवळ रकमेचा नव्हता. तो हेतूचा होता.

शुल्क व कर

आपल्याकडेही हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठ खटल्यात स्पष्ट केला. कर हा सर्वांनी उचलावयाचा सामाईक भार होय. शुल्क हे विशिष्ट सेवेचा वा सवलतीचा मोबदला होय. पुढील निर्णयांनी या मोबदल्यात पै-पैचा मेळ आवश्यक मानला नाही. तथापि शुल्क व सेवा यांत स्थूलमानाने संबंध असावा, हे तत्त्व कायम राहिले.

न्याय्य शुल्काच्या कसोट्या

यावरून परवाना शुल्काच्या काही कसोट्या सांगता येतील. दर ठरविण्यामागील कारण जाहीर असावे. जमा-खर्चाचा हिशेब नागरिकांना पाहता यावा. पहिल्या वाहनापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वाहनास अधिक दर असावा, कारण गरज व सोय यांत फरक आहे. अपंग व्यक्तींचा वेगळा विचार व्हावा. शिवाय परवाना विकला म्हणजे जागा मिळेलच, असे होत नाही. यास्तव उपलब्ध जागांहून फार अधिक परवाने देणे ही रहिवाशांची फसवणूकच ठरते.

रस्ता सर्वांचा आहे. त्याचा काही भाग स्वतःसाठी राखून ठेवणाऱ्याने त्याचे मोल द्यावे, हे रास्तच आहे. आणि ते मोल घेणाऱ्या संस्थेने प्रत्येक रुपयाचा जाब द्यावा, हेही तितकेच रास्त आहे.