दुपटीचा खेळ आणि पेन्सिलीची साक्ष

‘एर्गोडिक सिद्धांत’ हे नाव वाचले, की सामान्य वाचक मुकाट्याने पान उलटतो. मीही उलटत असे. पण एका सुट्टीत घरच्या संगणकावर दुपटीचा खेळ मांडला आणि त्यातच अडकलो.

खेळ सोपा. १, २, ४, ८, १६ असे दुप्पट करीत जायचे आणि प्रत्येक संख्येचा फक्त पहिला अंक टिपायचा. पहिल्या चाळीस संख्यांत ७ आणि ९ आलेच नाहीत. वाटले, ते कधी येतच नसावेत. पण ४६ वेळा दुप्पट केल्यावर ७ आला, ५३ वेळा केल्यावर ९! पहिल्या हजार संख्यांत १ हा अंक तब्बल ३०१ वेळा आघाडीवर होता.

हे कसे? एक चाक डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक दुपटीला ते सुमारे ०.३०१ फेरा पुढे सरकते. त्याच्या कडेवर १ चा वाटा नेमका तेवढाच, ९ चा जेमतेम ०.०४६. चाक पुन्हा अगदी त्याच जागी कधीच येत नाही. मात्र दीर्घकाळात प्रत्येक वाट्याला त्याच्या लांबीच्या प्रमाणात भेट देते. हेर्मान वाइल यांच्या १९१६ च्या निबंधात याची सिद्धता आहे. एकट्या प्रवाशाची दीर्घ रोजनिशी साऱ्या प्रदेशाचा नकाशा सांगते, असा या शास्त्राचा गाभा. बर्कहॉफ यांनी १९३१ मध्ये त्याला व्यापक प्रमेयाचे रूप दिले.

हुरूप येऊन मी दुसरा प्रयोग केला. ०.१ घ्या, दुप्पट करा, एक किंवा त्याहून अधिक झाले तर एक वजा करा. संगणकाने पंचावन्नाव्या पायरीला उत्तर दिले शून्य, आणि पुढे शून्यच! मी निष्कर्षही काढून टाकला. मग सहज पेन्सिल उचलली : ०.२, ०.४, ०.८, ०.६, पुन्हा ०.२. हे चक्र कधीच थांबत नाही. पाचवीतले मूलही ते पडताळू शकेल.

चूक कोणाची? संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. त्या पद्धतीत ०.१ पुरता मावत नाही. शेपूट तोडावे लागते. प्रत्येक दुपटीत पुढचा एक अंक गळतो आणि शेवटी हाती काहीच उरत नाही.

तेव्हापासून संगणकाला मी वाटाड्या मानतो, न्यायाधीश नव्हे. तो वाट दाखवतो. निकाल मात्र सिद्धतेनेच द्यायचा. आज घरात मुले असतील, तर कागद-पेन्सिल घेऊन बसा.