विजेची पाळी

झाशीच्या उत्तरेस ग्वाल्हेर आणि दक्षिणेस बीना. या दोन ठिकाणांना जोडणारी ४०० किलोव्होल्टची वाहिनी ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बंद पडली आणि सारा उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार घडला. पूर्व आणि ईशान्य भारतही त्यात सापडले. कित्येक राज्यांनी ठरलेल्या वाट्यापेक्षा अधिक वीज ओढली, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

झाशीजवळ पारीछा येथे बेतवेचे पाणी बांध घालून साठविले आहे; परंतु शेजारच्याच औष्णिक केंद्रातील वीज तशी साठवून ठेवता येत नाही. ती निर्माण होते त्याच क्षणी खर्ची पडली पाहिजे. मागणी वाढली की सेकंदास ५० आवर्तनांची लय मंदावते आणि संपूर्ण यंत्रणा डळमळू लागते.

यावर जुना उपाय भारनियमनाचा. त्यात मोहल्लेच्या मोहल्ले बंद होतात. रुग्णाच्या उशाचा पंखा आणि धुलाईयंत्र यांत भेद केला जात नाही. वीज परत येताच घरोघरचे इन्व्हर्टर एकदम भरू लागतात आणि भार पुन्हा चढतो.

वस्तुतः घरातील सर्वच कामे सारखी निकडीची नसतात. मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कूलरला थांबता येत नाही. टाकीत पाणी चढविणारा पंप मात्र तासभर थांबला तरी चालते. विजेची लय ओळखणारी किंवा दुरून संदेश घेणारी कळ अशा उपकरणांना आपोआप मागेपुढे करू शकते. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून बी.बी.सी.च्या दीर्घलहरींवरील ध्वनिक्षेपणातूनच असे संदेश घराघरांतील मीटरांना जात. श्रोत्यांना त्यांची चाहूलही लागत नसे.

भारतात २०२३ च्या केंद्रीय नियमांनी दिवसा, सूर्यप्रकाशाच्या तासांत, स्वस्त आणि गर्दीच्या वेळी महाग अशा दरांची तरतूद केली. मात्र ज्या घरी दोन दिवे आणि एकच पंखा, तेथे पुढे ढकलण्याजोगे काय असणार? म्हणून थांबण्याची पाळी ज्याच्यापाशी अधिक उपकरणे आहेत त्याच्यावर प्रथम यावी, आणि काय थांबवावे हे घरधन्याच्या संमतीनेच ठरावे. तसे झाले, तरच ही कळ यंत्राबरोबर न्यायाचीही ठरेल.