दुकान वाढवणे परवडते काय?

संगणकावर दुकान चालवण्याचा एक खेळ आहे. 'सुपरमार्केट सिम्युलेटर' त्याचे नाव. नोक्ता गेम्स या तुर्की कंपनीने तो २०२४ साली आणला. माल मागवायचा, फळ्यांवर लावायचा, भाव ठरवायचा, गल्ल्यावर बसायचे, भाडे व वीजबिल भरायचे आणि पैसा साठला की जागा वाढवायची. मुले खेळता खेळता विचारतात की जागा वाढवली तर फायदा होतोच का? प्रश्न खेळातला असला तरी नांदेडच्या इतवारा-वजिराबादेतील आणि लातूरच्या गंजगोलाईतील प्रत्येक कापड दुकानदारापुढे तो कधी ना कधी उभा राहतो. म्हणून व्यापारी बांधवांपुढे थोडा हिशोब मांडत आहोत.

खेळातले गिऱ्हाईक रोख किंवा कार्डाने पैसे देऊन जाते, उधारी नावाची चीजच तिथे नाही. इथे विक्री वाढली की उधारीची वही आधी जाड होते. शिवाय खेळातला साबण उद्याही साबणच राहतो. आमच्याकडे या ईदला न गेलेला ड्रेस पुढच्या ईदला अर्ध्या भावात काढावा लागतो.

आता आकडे पाहू. समजा, ३०० चौरस फुटांचे दुकान आहे. महिन्याची विक्री साडेचार लाख, त्यावर सरासरी १८ टक्के सुटतात, म्हणजे ८१,००० रुपये. भाडे, नोकर, वीज, चहापाणी मिळून ४५,००० गेले, उरले ३६,०००. शेजारचा गाळा घेऊन तेवढीच जागा आणखी वाढवली. जादा भाडे १५,०००, दोन नोकर २२,०००, वीज वगैरे ५,०००. फर्निचरला ४ लाख लागले, ते पाच वर्षांवर पसरले तर महिन्याला सुमारे ७,०००. एकूण जादा खर्च ४९,०००. हा खर्च १८ टक्क्यांतून काढायचा तर विक्री दरमहा पावणेतीन लाखांनी वाढली पाहिजे. म्हणजे साडेचारची सव्वासात लाख झाली तेव्हा कुठे आपण जिथे होतो तिथेच आलो. गिऱ्हाईक ओढण्यासाठी भाव पाडला आणि नव्या विक्रीवर १४ च टक्के सुटू लागले तर साडेतीन लाखांची वाढ लागेल. नव्या फळ्या भरायला लागणारा माल यात धरलेलाच नाही, आणि कापडाच्या धंद्यात खरी रक्कम तिथेच अडकते. पुष्कळ जण भाडे मोजतात, फर्निचर मोजतात, पण फळीवर पडून राहिलेले थान मोजत नाहीत.

आमच्या भागातील उठाव बारमाही नाही. सोयाबीन आडतीवर आले की दिवाळीच्या सुमारास खेड्यातला पैसा फिरतो, पुढे लग्नसराई. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या खालीच राहिला. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी नवा जोड कोण शिवणार? भाडे मात्र दुष्काळ पाहत नाही.

ईदच्या हंगामाबाबत एक बाब फारशी कोणी ध्यानात घेत नाही. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२२ मध्ये ईदुल फित्र ३ मे रोजी, भर लग्नसराईत होती. २०२५ मध्ये ती ३१ मार्चला झाली आणि २०२८ च्या सुमारास फेब्रुवारीत येईल. दोन्ही गर्दी एकदम आली की दुकान अपुरे वाटते आणि माणूस गाळा शोधू लागतो. आता ईदची गर्दी आणि मे महिन्यातील लग्नांची गर्दी वेगवेगळी होत चालली आहे. तेव्हा २०२२ ची चेंगराचेंगरी आठवून जागा घेणाऱ्याने जरा थांबावे. गर्दी वाटली गेली तर आहे तीच जागा पुरू शकते.

माल उधार आणून फळ्या भरू, हा विचारही पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आयकरात असा नियम आहे की नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे बिल लेखी करार असल्यास ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत चुकते केले पाहिजे. तसे न केल्यास तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी धरला जातो. मार्चअखेर बाकी राहिली तर त्या वर्षीचा नफा कागदावर फुगतो आणि कर भरावा लागतो. निव्वळ व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हा नियम लागू नाही. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, कुठूनही माल घ्या, समोरचा उत्पादक आहे की व्यापारी हे बिलाच्या वेळीच विचारून ठेवावे.

मग वाढवावे कधी? आमच्या मते गर्दीच्या दिवसांत नव्हे, तर आषाढ-श्रावणासारख्या मंद महिन्यांतही गिऱ्हाईक जागेअभावी परत जात असेल तेव्हा. त्याआधी माळा काढून साठा वर न्यावा, न चालणारा माल कटपीसच्या भावात मोकळा करावा. पुष्कळ दुकानांत निम्मी जागा असाच माल अडवून बसलेला असतो. कर्जावरचे व्याज नको असणाऱ्यांनी भागीदार घ्यावा, पण नफ्या-तोट्याचा वाटा कागदावर लिहूनच. सख्खा भाऊ असला तरी.

गाळा घेतलाच तर भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसला तर वादाच्या वेळी, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. नवी जागा वेगळ्या पत्त्यावर असेल तर जीएसटीच्या नोंदणीत ती १५ दिवसांच्या आत वाढवून घ्यावी आणि तोपर्यंत तिथे माल उतरवू नये.