वाहन अभियांत्रिकीचे पायाभूत वर्ष : डिंभे येथील एका पत्राच्या निमित्ताने

बारावीचा निकाल लागला की आमच्या टपालात शिक्षणविषयक पत्रांची भर पडते. त्यांपैकी एका पत्राचे उत्तर येथेच सविस्तर देणे आम्हांस उचित वाटते, कारण त्यातील प्रश्न एका कुटुंबापुरता नाही.

पत्र आंबेगाव तालुक्यातील डिंभे येथून एका धर्मभगिनींच्या हाती आले आहे. घोड नदीवरील डिंभे धरण हे कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाने भरलेल्या मोटारीपुढे उभा राहिला व तिच्याखाली चिरडला गेला. पत्रलेखक पित्याची बरीचशी जमीन त्या जलाशयात गेली, थोडी उरली. मुलगा दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकला आणि यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाला. मात्र गणित आणि भौतिकशास्त्रात गुण बेताचे. गावातील मोटारसायकली तो बिघडल्या की दुरुस्त करून देतो. त्याला वाहन अभियंता व्हायचे आहे. शहरातील एका मध्यस्थाने सांगितले आहे की, गुणांची चिंता नको, इंग्लंडमधील विद्यापीठात आधी ‘फाउंडेशन इयर’ आणि मग तीन वर्षांची पदवी. पहिला हप्ता पंधरा दिवसांत भरायचा. उरलेल्या जमिनीवर कर्ज काढावे काय, असे पिता विचारतो.

प्रथम ही संज्ञा समजून घेऊ. इंग्लंडमधील अभियांत्रिकीची सर्वसाधारण पदवी तीन वर्षांची असते. ज्यांचे शालेय विषय वा गुण त्या पदवीच्या प्रवेशाला पुरे पडत नाहीत, त्यांच्यासाठी आधी एक वर्ष गणित, भौतिकशास्त्र, प्रयोग आणि लेखन यांची तयारी करून घेतात. तेच पायाभूत वर्ष. ही व्यवस्था खोटी नाही, कमी प्रतीचीही नाही. हर्टफर्डशायरसारख्या विद्यापीठात वाहन अभियांत्रिकी अशा वर्षापासून सुरू करता येते. परंतु तिचे दोन प्रकार आहेत. एकात पायाभूत वर्ष पदवीलाच जोडलेले असते. दुसऱ्यात ते एखाद्या स्वतंत्र संस्थेत करायचे असते, आणि ठरलेले गुण मिळाले तरच पुढचे दार उघडते. जोडलेल्या प्रकारातही उत्तीर्ण होण्याची अट असतेच. मध्यस्थाच्या बोलण्यात हा ‘तरच’ बहुधा गळलेला असतो.

आता असे पाहा की एक अधिक तीन म्हणजे चार वर्षे, आणि आपल्याकडील अभियांत्रिकीची पदवीही चारच वर्षांची आहे. आपल्याकडे पायाभूत वर्ष पदवीच्या पोटातच आहे. कोणत्याही शाखेत प्रवेश घेतला तरी पहिल्या वर्षाचा अभ्यास बहुतांशी समान असतो. त्यात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र, विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे, संगणक प्रोग्रामिंग, अभियांत्रिकी आरेखन आणि कार्यशाळा हे विषय येतात. मोटारीच्या ओढीने आलेल्या मुलाचा पहिला विरस येथे होतो, कारण वर्षभर इंजिनाचे दर्शन क्वचितच घडते.

मग हे विषय कशासाठी? डिंभ्याहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता पोखरी घाट चढतो, त्या घाटाचेच उदाहरण घेऊ. उतारावर भरलेली जीप ताशी तीसऐवजी साठ किलोमीटर वेगाने आली, तर ती थांबविताना ब्रेकला दुप्पट नव्हे, चौपट ऊर्जा जिरवावी लागते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे गणित झाले. ही ऊर्जा घर्षणातून उष्णतेत बदलते, हे भौतिकशास्त्र. पायाचा दाब चाकापर्यंत नेणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुने झाले की कमी तापमानाला उकळते, हे रसायनशास्त्र. उकळलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि चालकाच्या पायाखाली पेडल नुसतेच खाली जाते. आपण म्हणतो, ब्रेक फेल झाले, दैव! घाट उतरताना अनुभवी चालक खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवून इंजिनाकडूनही वेग आवरून घेतो, त्यामागचे कारण हेच. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) गणिती होते आणि श्रद्धावान कॅथलिक चिंतकही. डिंभ्याच्या मुलाने पास्कलच्या शास्त्राचा एक दाखला तर जन्मापासून पाहिला आहे. पाण्यात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणून धरणाची भिंत तळाशी रुंद असते.

एवढे सांगायचे कारण की, मोटारसायकल दुरुस्त करणारा हात आणि हे गणित मांडणारे डोके यांत एका वर्षाच्या शिस्तबद्ध अभ्यासाचे अंतर असते. ते अंतर आमच्या मुलांना अवघड जाते ते बुद्धीच्या अभावी नव्हे. आश्रमशाळेत मराठीतून ‘संवेग’ आणि ‘त्वरण’ शिकलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात तेच शब्द इंग्रजीत ऐकतो आणि आपल्याला काहीच येत नाही, असे समजून मागच्या बाकावर जाऊन बसतो. परदेशात ही अडचण दुणावते.

खर्चाचे पाहू. चार वर्षांचे शुल्क आणि निर्वाह मिळून रक्कम सुमारे एक कोटी रुपयांच्या घरात जाते. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे शुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतचा निर्वाहखर्च आधीच दाखवावा लागतो. ‘तेथे काम करून भागेल’ हे आश्वासनही तपासून घ्यावे. पदवीच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येते, आणि पदवीखालच्या पातळीच्या स्वतंत्र पायाभूत वर्षात दहाच तास. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते, हा लूकच्या शुभवर्तमानातील (१४:२८–३०) दृष्टान्त आमचे वाचक जाणतात.

मग या मुलाने काय करावे? आमच्या मते त्याचा मार्ग तालुक्यातूनच जातो. अवसरी खुर्द येथे २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तेथे ऑटोमोबाईल ही स्वतंत्र शाखा आहे. थेट पदवीसाठी बारावीच्या ठरावीक विषयांत किमान गुण आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, दोन्ही लागतात. आज ते जमत नसेल तर विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळू शकतो. दोन वर्षांनी पदविका हाती येते आणि तिच्या गुणांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षी जाता येते. एकूण पाच वर्षे, म्हणजे इंग्लंडपेक्षा एक वर्ष अधिक. पण वाटेत पदविका मिळालेली असते, आणि घरची अडचण आली तर तेथे थांबूनही पोट भरता येते. मात्र पदविकेचे पहिले वर्ष चुकल्याने आरेखनाचा विषय त्याला सुटीत स्वतः भरून काढावा लागेल. धाकटी भावंडे दहावीत असतील तर त्यांनी पदविकेचे पहिले वर्ष चुकवूच नये. मराठी माध्यमाच्या मुलासाठी त्याहून चांगले पायाभूत वर्ष आम्हांस ठाऊक नाही.

पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकण येथे फोक्सवॅगनसारखे मोठे कारखाने आहेत. आंबेगाव-जुन्नरची पुष्कळ मुले बारावी होताच तेथे ठेकेदाराकडे लागतात आणि करार संपला की घरी परततात. त्याच फाटकातून आत जाणाऱ्या अभियंत्याची आणि त्यांची वाट कोठे वेगळी झाली, असे विचाराल तर ती बहुधा या पहिल्या एक-दोन वर्षांत झालेली असते.

राहता राहिला मध्यस्थ. संत जॉन बॉस्को यांनी १८५२ साली तुरीन शहरात एका सुतारकामाच्या उमेदवारासाठी मालकाशी लेखी करार केला होता. काम, मजुरी, सुटी, सारे कागदावर. पत्रलेखकांनीही मध्यस्थाकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात : पायाभूत वर्ष पदवीला जोडलेले आहे की स्वतंत्र, पुढे जाण्यास किती गुण हवेत, आणि व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळेल. पंधरा दिवसांची मुदत विद्यापीठाने घातली आहे की त्याने स्वतः, हेही विद्यापीठालाच थेट विचारावे. हे पत्र इंग्रजीत लिहून देण्यास आम्ही तयार आहोत.

तोवर जमिनीचे कागद घरातच असावेत. मुलाकडे जमातीचा दाखला असल्यास वैधता प्रमाणपत्राचा अर्ज लगेच करावा, कारण त्यास वेळ लागतो, आणि पदविकेच्या प्रवेशाचे वेळापत्रक त्याच्यासाठी थांबणार नाही.