एक जीपीयू मागितला, दिसतायत आठ! सामायिक कॉम्प्युटरवर ही भानगड नेमकी कुठे होते?

डीपी एक आणि मोटरी पंधरा, ही गोष्ट वाशिम जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. कुणी मंजुरी पाच एचपीची घेतो आणि बसवतो साडेसातची, कुणी थेट आकडाच टाकतो. मग डीपी जळाला की नियमाने वागणाऱ्याचंही पीक सुकतं.

एआयची मॉडेल्स जिथे तयार होतात, त्या मोठ्या कॉम्प्युटर्सवरही असंच होतं. फक्त तिथे भांडण जीपीयूवरून असतं.

जीपीयू म्हणजे एकाच वेळी हजारो छोटी गणितं सोडवणारी चिप. ती महाग असते, त्यामुळे संस्था अनेक जीपीयू एकत्र बसवतात आणि सगळ्यांना वाटून देतात. यालाच क्लस्टर म्हणतात. पुण्याच्या सी-डॅकमधला 'परम सिद्धी-एआय' हे त्याचं मोठं उदाहरण. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक टॉप-५०० यादीत तो ६३ व्या क्रमांकावर होता. त्यात एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० मशीन्स आहेत आणि अशा एका मशीनमध्ये ८ जीपीयू असतात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १०,३०० कोटींहून मोठं 'इंडिया एआय मिशन' मंजूर केलं, त्यातही सामायिक जीपीयू हाच मोठा भाग आहे.

मग गडबड कुठे होते?

समजा, रिसोडचा एक विद्यार्थी सोयाबीनच्या पानाच्या फोटोवरून पिवळा मोझॅक ओळखणारं मॉडेल बनवतोय. कॉलेजच्या क्लस्टरवर त्याने एक जीपीयू मागितला, दोन दिवस रांगेत थांबला. नंबर लागला, काम सुरू झालं आणि मध्यरात्री मेसेज आला, 'क्युडा आउट ऑफ मेमरी'. म्हणजे जीपीयूची मेमरी संपली.

त्याच्या कोडमध्ये काहीच चूक नव्हती. त्याच्या जीपीयूवर दुसऱ्याच कुणाचा तरी प्रोग्राम येऊन बसला होता.

क्लस्टरवर कुणाला काय मिळणार हे ठरवणारं सॉफ्टवेअर असतं. त्यातलं बरंच वापरलं जाणारं म्हणजे स्लर्म. ते जॉबला जीपीयू देतं आणि 'क्युडा व्हिजिबल डिव्हायसेस' नावाच्या सेटिंगमध्ये त्याचा नंबर लिहून ठेवतं. पण ही सेटिंग म्हणजे फक्त पाटी आहे, कुलूप नाही. प्रोग्राम ती बदलू शकतो. इंटरनेटवरून उचललेल्या बऱ्याच कोडमध्ये तिथे आधीच ० लिहिलेलं असतं. मग सगळ्यांचे जॉब पहिल्याच जीपीयूवर आदळतात आणि बाकीचे सात रिकामे राहतात.

खरं कुलूप असतं लिनक्सच्या 'सीग्रुप' मध्ये. ते लावलं की न दिलेला जीपीयू जॉबला उघडताच येत नाही. स्लर्ममध्ये त्यासाठी 'कन्स्ट्रेन डिव्हायसेस' हा पर्याय 'येस' करावा लागतो. अडचण अशी की, तो मुळात 'नो' असतो.

कसं तपासायचं?

पहिलं म्हणजे, एक जीपीयू मागून जॉबच्या आतून 'एनव्हिडिया-एसएमआय' ही कमांड चालवायची. ती पाटी वाचत नाही, उघडता येणारे सगळे जीपीयू दाखवते. एकच दिसला तर कुलूप लागलंय. आठ दिसले तर नाही.

दुसरं, नंबरवरून घाबरायचं नाही. कुलूप लागलेलं असेल तर प्रत्येक जॉबला आपला जीपीयू ० क्रमांकाचाच दिसतो. दोघांना ० दिसला म्हणजे दोघे एकाच जीपीयूवर आहेत असं नाही. खात्री करायला यूयूआयडी जुळवून बघायचा. तो प्रत्येक जीपीयूचा वेगळा असतो.

तिसरं, मागची दारं बघायची. डॉकरचा कंटेनर जॉब स्वतः सुरू करत नाही, मशीनवरची वेगळी सेवा सुरू करते. त्यामुळे तो जॉबच्या कुलपाबाहेर राहतो आणि 'सगळे जीपीयू' मागितले तर सगळे मिळतात. दुसरं दार एसएसएचचं. थेट मशीनवर लॉगिन करून चालवलेला प्रोग्राम स्लर्मच्या हिशेबातच येत नाही. 'पॅम स्लर्म अडॉप्ट' लावलं, तर असं लॉगिन त्या माणसाच्या चालू जॉबमध्येच कोंबलं जातं आणि जॉब नसेल तर नाकारलं जातं.

चौथं, काम छोटं असेल तर अख्खा जीपीयू अडवायचीही गरज नसते. ए१०० सारख्या जीपीयूचे 'मिग' तंत्राने जास्तीत जास्त ७ स्वतंत्र तुकडे करता येतात, प्रत्येकाची मेमरी वेगळी.

याने फरक काय पडतो?

मोठ्या शहरातल्या कंपनीचा जॉब पडला तर ती पैसे देऊन दुसरीकडे जीपीयू घेते. वाशिम, कारंजा किंवा मानोऱ्याच्या विद्यार्थ्याकडे सामायिक क्लस्टर हाच पर्याय असतो. त्याचा जॉब पडला की रांग परत पहिल्यापासून आणि प्रोजेक्टची तारीख मात्र तीच.

म्हणून पुढच्या वेळी मेमरी संपल्याचा मेसेज आला, तर कोड खोडण्याआधी जॉबच्या आतून एकदा जीपीयू मोजायचे. एकापेक्षा जास्त दिसले, तर तो आकडा आणि यूयूआयडी घेऊन थेट क्लस्टरच्या ॲडमिनला गाठायचं. दुरुस्ती तिथेच होणार आहे.