नाका कोणाचा, नाणे कोणाचे?
अहमदपूरच्या बाजारातून दिसणारा साम्राज्यांचा आणि राष्ट्रांचा इतिहास

अहमदपूर, उदगीर भागातील वयोवृद्ध दुकानदारांच्या बोलण्यात अजूनही कधीमधी दोन शब्द येतात, ‘हाली’ आणि ‘कलदार’. तरुण पिढीला ते कळत नाहीत. हाली म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्याचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा ढोबळ हिशेब होता. तेव्हा अहमदपूर हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते. सोलापूर मात्र इंग्रजी मुलखात. मधे सरहद्द आणि सरहद्दीवर ‘करोडगिरी’, म्हणजे निजामाच्या जकात खात्याचा नाका.

समजा, अहमदपूरच्या कापडवाल्याने सोलापुरात ३०० कलदार रुपयांचा माल घेतला. हाली नाण्यात त्याचे झाले ३५० रुपये. त्यावर शेकडा ५ प्रमाणे करोडगिरी, साडेसतरा रुपये. म्हणजे गाडीभाडे धरण्याआधीच माल ३६७ रुपये ८ आण्यांना पडला. गिऱ्हाइकाला भाव सांगण्यापूर्वी दुकानदाराला दोन राज्यांचा हिशेब मांडावा लागे.

इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या, तो विषय मास्तरांचा, आपल्या धंद्याशी त्याचा काय संबंध, असे आपले अनेक व्यापारी बांधव म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. गेल्या पाचशे वर्षांत मोठी साम्राज्ये गेली आणि राष्ट्रे आली, हा बदल दरबारात जितका घडला तितकाच नाक्यावर आणि गल्ल्यात घडला. नाका कोणाच्या हाती आणि नाणे कोणाचे, एवढे दोन प्रश्न हातात धरले तर हा लांबलचक इतिहास व्यापाऱ्याला सहज उलगडतो.

साम्राज्याचा नाका

सोळाव्या-सतराव्या शतकात जगाचा मोठा भाग काही थोड्या साम्राज्यांत वाटला गेला होता. १४५३ साली उस्मानी तुर्कांनी इस्तंबूल घेतले, १५०१ साली इराणात सफवी घराणे आले, १५२६ साली बाबराने पानिपत जिंकले. आपल्या दख्खनमध्ये बहमनींच्या पाठोपाठ आलेल्या शाह्या होत्या आणि पुढे त्याही मोगलांनी जिंकल्या. या राज्यांत अनेक भाषांचे, अनेक धर्मांचे लोक राहत. राज्य बादशहाच्या घराण्याचे असे. रयत कोणती भाषा बोलते, हा प्रश्न महत्त्वाचा नव्हता. सारा आणि जकात वेळेवर येते की नाही, हा महत्त्वाचा होता.

त्यामुळे माल दूरवर जाई. सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारी एक मोठी वाट औरंगाबाद आणि नांदेडवरून जात होती. ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात तिचे टप्पे लिहून ठेवले आहेत. दख्खनचे व किनाऱ्यावरचे सुती कापड मछलीपट्टण, सुरत या बंदरांतून इराण, अरबस्तान, आफ्रिका आणि पूर्वेकडील बेटांपर्यंत विकले जाई. मोबदल्यात चांदी येई. १६०० साली इंग्रजांची आणि १६०२ साली डचांची कंपनी निघाली, तीसुद्धा आरंभी गिऱ्हाईक म्हणूनच आपल्याकडे आली. विणकराला आगाऊ रक्कम द्यायची, माल घ्यायचा आणि बंदरावर जकात भरायची, असा त्यांचा व्यवहार होता.

हा काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. वाटेवर जागोजागी ‘राहदारी’ उकळली जाई. औरंगजेबाने ती बंद करण्याचा हुकूम काढला, तरी जहागीरदारांनी ती चालूच ठेवली. याच बादशहाच्या राज्यात १६६५ साली जकातीचा दर मुस्लिम व्यापाऱ्याला शेकडा अडीच आणि हिंदू व्यापाऱ्याला शेकडा पाच असा ठरला. हा भेदच होता आणि त्याला भेदच म्हटले पाहिजे. तरीही दोघांचा माल नाक्यातून पुढे जात होता. साम्राज्याच्या नाक्याला पैसा हवा होता, धंदा मारायचा नव्हता.

नाका उलटला

धंदा मारण्यासाठी नाका वापरायचा, ही युक्ती इंग्लंडने आपल्या कापडावर वापरली. हिंदुस्थानी छिटांचे वेड तिकडे इतके वाढले की लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचे पोट मारले जाऊ लागले. १७१९ साली लंडनचे विणकर रस्त्यावर उतरले, छिटाचे झगे घातलेल्या बायकांचे कपडे फाडण्यापर्यंत मजल गेली. पार्लमेंटने १७०० साली छापील परदेशी कापडाच्या आयातीवर आणि १७२१ साली ते वापरण्यावरही बंदी घातली. आपल्याकडे स्वदेशीची हाक उठण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ आधी इंग्लंडने स्वदेशी पाळली, तीही आपल्या रंगरेज आणि छिप्यांच्या मालाविरुद्ध.

या आडोशामागे त्यांचे कारखाने वाढले. सूत काढण्याची यंत्रे १७६० नंतर आली, यंत्रमागाचा शोध १७८५ साली लागला. पुढे तयार कापड घेऊन तेच इंग्लंड खुल्या व्यापाराचा उपदेश करू लागले. १८३८ साली उस्मानी सरकारशी त्यांनी करार केला. इंग्रज व्यापारी परदेशी मालावर शेकडा ५ भरून मोकळा होई. तुर्की व्यापाऱ्याला मात्र देशातल्या देशात माल हलवताना अंतर्गत जकाती द्याव्याच लागत. आपल्याच देशात आपला व्यापारी पाहुण्यापेक्षा महाग पडू लागला.

हिंदुस्थानात तर नाकाच इंग्रजांच्या हाती होता. कापूस येथून जायचा आणि कापड तेथून यायचे, अशी वाट उलटी फिरली. १८५३ साली निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, तो काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईत पेढ्या बुडाल्या. शेतकरी, आडत्या, पिंजारी या सर्वांचे नशीब आता दूरदेशीच्या बातमीवर टांगले गेले.

हातमागावर जगणाऱ्यांचे काय झाले, हे आपल्या मोमीन बिरादरीला सांगायला नको. उत्तरेतील आझमगड, मऊ, बनारस भागातून कितीतरी विणकर कुटुंबे, विशेषतः १८५७ नंतर, दक्षिणेकडे निघाली आणि बऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी येथे वसली. मालेगावच्या मागांचा आवाज ऐकताना त्यामागे हे स्थलांतर आहे, हे विसरू नये.

राष्ट्रवाद कोठून आला

राज्य घराण्याचे नाही, त्या भूमीतल्या लोकांचे आहे, या विचाराला राष्ट्रवाद म्हणतात. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने तो जगापुढे ठेवला. त्याला व्यापाराची बाजूही होती. जर्मनीत तेव्हा कितीतरी लहान राज्ये होती आणि प्रत्येकाच्या सरहद्दीवर जकात होती. १८३४ साली त्यांतील बऱ्याच राज्यांनी आपसातील जकाती काढून एकच सामाईक नाका ठेवला. राजकीयदृष्ट्या जर्मनी एक झाला तो १८७१ साली. म्हणजे बाजार आधी एक झाला, देश नंतर.

आपल्याकडे राष्ट्रवादाला धार आली त्यातही नाक्याचा वाटा मोठा आहे. १८९४ साली सरकारला पैसा कमी पडला म्हणून परदेशी कापडावर आयात जकात बसवली. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी आरडाओरड केली. तेव्हा १८९६ साली परदेशी कापडावर शेकडा साडेतीन जकात आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच, शेकडा साडेतीन कर लावण्यात आला. आपल्या सरकारने आपल्याच मालावर कर बसवावा आणि तोही परक्याचा माल महाग पडू नये म्हणून, ही गोष्ट शिकलेल्यांना व्याख्यानांतून कळली. व्यापाऱ्याला ती बिलावर कळली. दादाभाई नौरोजी देशातील संपत्ती बाहेर वाहून जाते असे सांगत होते, त्याचा हा रोकडा दाखला होता. हा कर उठायला १९२५ साल उजाडावे लागले.

१९०५ साली स्वदेशीची चळवळ देशभर गेली. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे परदेशी कापडाची मोठी होळी झाली. ती झाली उमर सोबानी या मुस्लिम गिरणीमालकाच्या आवारात. राष्ट्रीय चळवळीत आपल्या व्यापाऱ्यांचा काय वाटा, असे कोणी विचारले तर हे नाव सांगावे.

१९४८ : आपल्या अंगणात

आता पुन्हा अहमदपूरकडे येऊ. निजामाचे राज्य हे जुन्या पद्धतीचे शेवटचे मोठे राज्य होते. स्वतःचे नाणे, स्वतःच्या नोटा, स्वतःची रेल्वे आणि स्वतःची करोडगिरी. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा भोवताली राष्ट्र आणि मधे घराण्याचे राज्य, अशी स्थिती झाली. ती टिकणारी नव्हती. बहुसंख्य रयतेला भारतात यायचे होते. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी ही इच्छा दडपण्यासाठी गावोगाव अत्याचार केले. विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेत ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली, तेव्हा रझाकारांचा विरोधक मुस्लिमही होता हे सिद्धच झाले.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. त्यानंतर जे घडले ते आपल्या भागातील घरांनी सोसले आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस पाहणी केली. तिचा अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्ध झाला नाही. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे तिने सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. अहमदपूर बिदरमध्ये आणि लातूर उस्मानाबादेत होते, हे ध्यानात घ्यावे. लातूर हे कच्छी मुस्लिम व्यापाऱ्यांच्या मोठ्या पेढ्यांचे ठिकाण होते. तेथील सुमारे दहा हजार मुस्लिमांपैकी जेमतेम तीन हजार समितीला आढळले. हजाराहून अधिक मारले गेले होते आणि बाकीचे सर्वस्व सोडून पळाले होते. शतकभराची पत काही आठवड्यांत गेली. रझाकारांचा गुन्हा त्यांनी भरला, ज्यांतील बहुतेकांनी तो केला नव्हता.

परंतु त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे आणि ती आम्हाला या पानावर मुद्दाम सांगायची आहे. एके ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे रक्षण केले आणि त्यासाठी स्वतःचे जीवही दिले. एकाच सुताला हात लावणारे, एकाच मंदीत उपाशी राहणारे लोक त्या दिवशी एकमेकांच्या आड उभे राहिले. एका धंद्याचे नाते केवढे असते, याचा याहून मोठा पुरावा आमच्या पाहण्यात नाही.

आपण काय घ्यावे

राष्ट्र आले आणि व्यापाऱ्याला एक नाणे, एक कायदा, मोठा बाजार मिळाला. करोडगिरी गेली, हाली सिक्का १९५० नंतर काही वर्षे कलदारबरोबर चालून व्यवहारातून उठला. १९५६ साली भाषावार रचनेत अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके बिदरमधून निघून उस्मानाबादेत आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला. बिदर आणि हैदराबाद हे कालपर्यंत आपल्याच राज्यातले बाजार परराज्यात गेले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि राज्याराज्यांतील विक्रीकराचे वेगळे हिशेब बऱ्याच अंशी मिटले. नाका हलतो, नाणे बदलते, सरहद्द सरकते. हे पाचशे वर्षे चालू आहे आणि पुढेही चालेल.

यातून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली, नाक्याचा नियम ज्याला आधी समजतो तो तरतो. नव्या कराची, नव्या दराची माहिती मुनीमावर किंवा कर सल्लागारावर सोडून देणारा दुकानदार १८६५ च्या त्या सट्टेबाजासारखाच बातमी उशिरा कळल्याने बुडतो. दुसरी गोष्ट, ज्याच्याकडे फक्त हात आहेत आणि कच्चा माल व गिऱ्हाईक दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्या कारागिराला कोणतेही राज्य आपोआप वाचवत नाही. साम्राज्यात तो कंपनीच्या आगाऊ रकमेत अडकला आणि स्वराज्यात सावकाराच्या सुतात. त्यावर उपाय म्हणजे एकत्र खरेदी, एकत्र विक्री आणि आपली व्यापारी संघटना.

ती संघटना धंद्याची असावी. तिच्यात मोमीन असावा तसा साळी आणि कोष्टीही असावा, पिंजाऱ्याशेजारी शिंपी बसावा. १९४८ साली नाकेही बदलले, नाणीही बदलली आणि सरकारही बदलले. त्या पडझडीत काही माणसे वाचली, ती शेजारच्या मागावर बसणाऱ्यामुळे.