शेजारी एका चिवड्यात, कुळं वेगळी
नाशिकच्या चिवड्यात शेंगदाणा आणि काजू शेजारी पडत असले, तरी नातं काही नाही. शेंगदाणा तूर-हरभऱ्याच्या कुळातला. काजू, पिस्ता आणि आंबा एका कुळातले. काजूतलं ‘अ‍ॅना ओ ३’ आणि पिस्त्यातलं ‘पिस व्ही १’ ही प्रथिनं इतकी सारखी, की एकाविरुद्ध तयार झालेली आयजीई ही अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंडं दुसऱ्यालाही पकडतात. म्हणून काजू बाधणाऱ्या मुलाला पिस्ता बहुतेकदा बाधतो. आंब्याचा गर मात्र अशा बहुतेक मुलांना चालतो. अक्रोड-पिकान ही अशीच दुसरी जोडी.

रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्धची आयजीई सापडली म्हणजे अ‍ॅलर्जी झाली, असं नाही. ती झाली संवेदनशीलता. खाल्ल्यावर त्रास होतो का, हा खरा प्रश्न. शेंगदाण्याच्या ‘अ‍ॅरा एच २’विरुद्धची प्रतिपिंडं त्याचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज देतात. नुसता रिपोर्ट वाचून दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी किंवा सगळ्या डाळी बंद करणं हा उतावळेपणाच.

खाल्ल्यावर गांधी उठून श्वास घरघरू लागला, तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नका: डॉक्टरांनी अ‍ॅड्रिनॅलिन दिलेलं असेल तर ते मांडीत टोचा आणि लगेच रुग्णालय गाठा.